साथरोग सर्वेक्षणात नव्याने येताय? आधी ‘निरंक’ वाचायला शिका

जिल्हा सर्वेक्षण कक्षात रुजू झालो तेव्हा वाटायचं, आकडा वाढला की धावायचं, एवढंच आपलं काम. पहिल्याच पावसाळ्यात हा समज मोडला. एका उपकेंद्राचा अतिसाराचा अहवाल सलग तीन आठवडे ‘निरंक’, म्हणजे एकही रुग्ण नाही असा, होता आणि मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तिथल्या आरोग्य सेविका रजेवर होत्या, रुग्ण तालुक्याच्या खासगी दवाखान्यांत जात होते. साथ कळली ती आशाताईंच्या फोनमुळे: “साहेब, वाडीत घरटी एकजण तरी आजारी आहे.”

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आपल्याकडे २००४ पासून आहे आणि २०२१ पासून माहिती थेट पोर्टलवर भरली जाते. अहवालाचे तीन फॉर्म असतात: ‘एस’मध्ये उपकेंद्राने लक्षणांवरून केलेली नोंद, ‘पी’मध्ये डॉक्टरांचं संशयित निदान, ‘एल’मध्ये प्रयोगशाळेचा निकाल. हे तिन्ही शेजारी ठेवून वाचा. तापाचे रुग्ण ‘एस’मध्ये वाढतायत आणि ‘पी’ शांत आहे, तर लगेच विचारपूस करा.

त्या वाडीत लाइन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची यादी, करताना मी ओपीडी रजिस्टरमधली तारीख उतरवली. चूक होती. कोणी पहिल्या दिवशी दवाखान्यात येतं, कोणी चौथ्या. आमच्या वरिष्ठ मॅडमनी पुन्हा घरोघर पाठवलं: “जुलाब कधी सुरू झाले, ते विचार.” नव्या तारखा मांडल्यावर विखुरलेले रुग्ण दोनच तारखांभोवती गोळा झाले. नकाशावर घरं टिंबांनी दाखवली, तर सगळी टिंबं एका विहिरीभोवती. ओढ्यापलीकडे, हातपंपाच्या पाण्यावर राहणाऱ्यांत एकही रुग्ण नव्हता. नळीत घेतलेल्या विहिरीच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आमची नळी तशीच स्वच्छ राहिली. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलीच नव्हती.

त्याच दिवशी विहीर बंद करून टँकर लावला. प्रयोगशाळेच्या निकालासाठी थांबलो नाही, थांबायचंही नसतं. नमुने मात्र अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्या, नंतर जंतू सापडणं अवघड होतं.

आजही सोमवारी पहिला फोन निरंकवाल्या उपकेंद्रांना लावतो. विचारतो, ओआरएसची पाकिटं किती संपली? साठा निम्म्यावर आणि अहवाल निरंक असेल, तर दुपारी गाडी तिकडेच जाते.