अमेरिकेतल्या घरावरची ‘स्टॉर्मवॉटर फी’ कायदेशीर आहे का, हे कसे तपासावे

अमेरिकेत घर असेल, तर पाण्याच्या किंवा मालमत्ता कराच्या बिलात ‘स्टॉर्मवॉटर फी’ (पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी शहर लावतं तो आकार) अशी ओळ कधीतरी दिसते. सगळा वाद एकाच प्रश्नाचा आहे: ही फी की कर? अनेक राज्यांत नव्या करासाठी मतदारांची मंजुरी लागते, फीसाठी सहसा लागत नाही. बिलावर काय नाव छापलंय, त्याने कोर्ट बांधलं जात नाही.

१. शहराचा ऑर्डिनन्स, म्हणजे या फीचा स्थानिक कायदा, काढून वाचा. रक्कम कशावरून ठरते आणि पैसा कुठे जातो, एवढंच शोधा. वेगळ्या खात्यात जमा होऊन पावसाळी गटारांवरच खर्च होत असेल, तर शहराची बाजू भक्कम. इतर खर्चाकडे वळत असेल, तर तिथेच बोट ठेवा.

२. आपल्या राज्यातले निकाल पाहा. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लान्सिंग शहराची फी रद्द केली. त्यांनी तीन गोष्टी तपासल्या: उद्देश नियमनाचा की महसुलाचा, रक्कम सेवेच्या खर्चाच्या प्रमाणात आहे का, आणि ती टाळणं मालकाच्या हातात आहे का. उलट मेन (Maine) राज्यात २०१२ साली लुइस्टन शहराची फी टिकली. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव धरून चालू नका, फसाल.

३. मोजणी स्वतः करा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. पाणी न जिरणाऱ्या जागेवर, म्हणजे छप्पर, ड्राइव्हवे, फरसबंदी यांवर आकार लावतात आणि ती जागा बहुधा हवाई फोटोवरून मोजतात. टेप घेऊन अंगणात उतरा. शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेचा तुकडा तुमच्या नावावर पडलाय का? खडीची वाट डांबरात धरलीय का? (खडी धरायची की नाही, ते ऑर्डिनन्समधल्या व्याख्येवर ठरतं.) काही शहरं घरमालकांना रेन गार्डन (पावसाचं पाणी मुरवणारी खोलगट बाग) किंवा पाणी मुरवणाऱ्या फरशांसाठी सूट देतात, तीही विचारा.

४. मुदतीत लेखी अपील करा. तोवर पैसे मात्र थांबवू नका. ‘निषेधासह भरणा’ असं लिहून भरा. कित्येक ठिकाणी थकलेली फी घरावर बोजा म्हणून चढते. फी मुळातच बेकायदेशीर वाटत असेल, तर शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्याच राज्यातल्या वकिलाला गाठा.