वाचनाची वाट बदलताना

मी रावेरकडचा केळीवाला. वीस वर्षं फक्त रहस्यकथा वाचल्या. पन्नासाव्या पानावरच खुनी ओळखू यायला लागला, तेव्हा वाट बदलली.

माझी रीत सांगतो. साहित्यप्रकार निवडू नका, धागा धरा. मी बहिणाबाई चौधरींपासून सुरुवात केली. त्यांचं असोदं जळगावला लागूनच, आणि बोली आमच्या घरातली, म्हणून कवितेचं भय वाटलं नाही. संग्रह १९५२चा, प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. प्रस्तावना कधी गाळू नका, पुढचं नाव तिथेच सापडतं. मी तिथून अत्र्यांच्या नाटकांत शिरलो, मग आत्मचरित्रात. दुसरा धागा बालकवींचा. जन्म धरणगावचा, १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले. जळगावला जाताना माझी गाडी तिथूनच जाते. एकदा वाचनालयात सहज रेल्वेचा इतिहास मागितला आणि कधी हात न लावलेल्या कपाटापाशी पोचलो!

नव्या पुस्तकांच्या मांडणीपेक्षा परत आलेल्यांचा ढीग चाळा. लोक खरोखर काय नेतात ते कळतं. मलपृष्ठावरचा मजकूर सोडा, तो विकण्यासाठीच लिहितात. मधलंच एखादं पान वाचून बघा. तीस पानांत जीव रमला नाही तर निमूट परत करा. बायको म्हणते, "वर्गणी भरलीय ना, मग पुरं करा की!" तिचं मी ऐकत नाही.

केळीच्या कटाईत मात्र कथासंग्रहच. ट्रक भरेस्तोवर एक गोष्ट होते.