खानदेशात जीएनएसएस बेस उभा करताना

जीएनएसएस म्हणजे उपग्रहांच्या मदतीने स्थान काढण्याची पद्धत; मोजणीत तिचे दोन रिसीव्हर लागतात, एका जागी स्थिर ठेवलेला बेस आणि हातात घेऊन फिरवायचा रोव्हर. मोजणीच्या कामात नव्याने आलेली मुले रोव्हर चटकन आत्मसात करतात, बेसकडे मात्र ट्रायपॉड उभा करून यंत्र चालू करण्यापुरतेच पाहतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतजमिनी मोजताना माझे मत पक्के झाले आहे की, दिवसभराच्या कामाची विश्वासार्हता सकाळी बेस लावतानाच ठरते. रोव्हरच्या पडद्यावर ‘फिक्स’च्या (अचूक स्थान मिळाल्याच्या खुणेच्या) शेजारी दिसणारी दोन सेंटीमीटरची अचूकता ही केवळ बेसच्या तुलनेतली असते. बेसला दिलेले अक्षांश-रेखांश दीड मीटरने चुकले, तर संपूर्ण गट दीड मीटरने सरकतो आणि पडदा तरीही दोन सेंटीमीटरच दाखवत राहतो. म्हणूनच यंत्राने स्वतः काही सेकंदांत काढलेले स्थान बेसचे निर्देशांक म्हणून स्वीकारून हद्द कायम करायला जाऊ नये.

जागा निवडताना आधी पायाखाली पाहावे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत नुसता खुंटा ठोकून केलेली खूण पुढच्या हंगामात त्याच जागी सापडेल याची खात्री नसते. काम लांबणारे असेल तर मुरुमापर्यंत खणून काँक्रीटमध्ये खूण बसवावी, किंवा जुन्या, पक्क्या इमारतीच्या स्लॅबवर, कॉलमच्या बरोबर वर ती घ्यावी. त्यानंतर आकाश पाहावे. रावेर-यावलकडे केळीच्या बागा उंच आणि दाट असतात, आणि पाण्याने भरलेली ती पाने उपग्रहाचा संदेश चांगलाच क्षीण करतात. क्षितिजापासून साधारण 15 अंशांच्या वर सर्व बाजूंनी आकाश मोकळे हवे. पत्र्याचे शेड जवळ नको, कारण त्यावरून परावर्तित झालेला संदेश अँटेनापर्यंत उशिरा पोहोचतो आणि अंतर चुकते.

अँटेनाची उंची हा सर्वांत जास्त घोळ होणारा आकडा आहे. आम्ही एकाने टेप धरायचा, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा आणि तिन्ही पायांच्या मधून तीन वेळा माप घ्यायचे, अशी पद्धत ठेवली आहे. ही मापे पाच-सहा मिलिमीटरने वेगळी आली, तर ट्रायब्रॅकचा (ट्रायपॉडवर अँटेना समपातळीत बसवणाऱ्या तळाचा) बुडबुडा पुन्हा पाहावा लागतो. उंची तिरपी मोजली की उभी, हे वहीत आकड्याशेजारीच लिहावे.

निर्देशांकांसाठी ज्ञात बिंदू नसेल तर बेसवर किमान दोन तास स्टॅटिक, म्हणजे यंत्र न हलवता सलग, नोंद घ्यावी आणि ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या कॉर्स केंद्राशी (सतत नोंद घेणाऱ्या कायमस्वरूपी जीएनएसएस केंद्राशी) जोडून गणित करावे. येथे संदर्भप्रणालीइतकाच तिचा कालसंदर्भही, म्हणजे निर्देशांक कोणत्या वर्षीच्या स्थितीचे आहेत हेही, महत्त्वाचे आहे, कारण भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. दहा वर्षांच्या अंतराचे दोन कालसंदर्भ मिसळले की अर्ध्या मीटरचा फरक पडतो, आणि अर्धा मीटर बांध सरकल्यावर दोन भावांचे बोलणे बंद होते.

आपला भाग यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून सपाट नकाशावर निर्देशांक देणाऱ्या पद्धतीच्या) 43 व्या पट्ट्यात येतो आणि त्याची मध्यरेषा, म्हणजे 75 अंश पूर्व रेखावृत्त, अमळनेरच्या जवळून जाते. मध्यरेषेवर प्रमाणगुणक 0.9996 असल्यामुळे जमिनीवरचा एक किलोमीटर ग्रिडवर, म्हणजे नकाशावरील निर्देशांकांच्या चौकटीत, सुमारे 40 सेंटीमीटरने कमी भरतो. जुन्या टिपणांवरील (मोजणीच्या जुन्या नोंदींवरील) अंतरे 33 फुटी साखळीने प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेली आहेत, त्यामुळे ग्रिडवरील अंतर जमिनीवरील अंतरात बदलल्याशिवाय त्यांच्याशी ताडून पाहू नये.

खानदेशाच्या अक्षांशावर आयनमंडलाचा (उपग्रहाचा संदेश बिघडवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) त्रासही मोठा असतो आणि तो दुपारी वाढतो. रोव्हर बेसपासून फार लांब नेला की फिक्स मिळायला वेळ लागतो, म्हणून शक्यतो बेसच गावाजवळ आणावा आणि महत्त्वाच्या हद्दी सकाळी घ्याव्यात. बेस बंद करण्यापूर्वी सकाळचा एखादा पक्का दगड रोव्हरने पुन्हा मोजावा. दोन्ही वाचने जुळली नाहीत, तर त्या दिवसाचे बिंदू कारण सापडेपर्यंत नकाशावर चढवू नयेत.