सागरी प्रकल्पात सामाजिक बाजूचं काम करायचंय? आधी पाहणीची तारीख बघा

नाशिकला समुद्र नाही, मग इथल्या एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या मुलामुलींनी ‘नील अर्थव्यवस्था’ म्हणजे समुद्रावर आधारलेल्या विकासाच्या प्रकल्पांच्या नादी लागावं का, असा प्रश्न मला निकाल लागले की हमखास येतो. लागावं. फक्त जागतिक बँक, एडीबी (आशियाई विकास बँक), जायका (जपान सरकारची मदतसंस्था) ही कर्ज देणाऱ्यांची नावं ऐकून हुरळून जाऊ नका. काम शेवटी जेटीवर उन्हात उभं राहून फॉर्म भरायचं आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं असतं, आणि मानधन वेळेवर आलं तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती.

परदेशी कर्ज किंवा अनुदान आपल्या किनाऱ्यावर कुठे कुठे आलंय ते तुम्ही वाचलंच असेल. अटल सेतूला जायकाचं कर्ज होतं. सिंधुदुर्गात खेकडापालन, कांदळवन पर्यटन यांना हरित हवामान निधीचा पैसा यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेमार्फत आला. राज्याच्या किनारा आणि नदीकाठ संरक्षणासाठी एडीबीशी नोव्हेंबर २०२४ मध्ये ४.२ कोटी डॉलरचा करार झाला. अशा प्रत्येक ठिकाणी ‘सोशल सेफगार्ड्स’ नावाचं, म्हणजे प्रकल्पामुळे लोकांचं नुकसान होऊ नये हे बघणारं, एक टेबल असतं. तुम्ही बसणार ते त्या टेबलावर. इंजिनिअर मंडळी त्याला ‘एनओसी आणणारं खातं’ समजतात. मनावर घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी जरा लांबण लावून सांगणार आहे.

भूसंपादन नाशिकच्या माणसाला शिकवावं लागत नाही. समृद्धी झाला, सुरत-चेन्नईवरून आंदोलनं झाली; फेरफार, मोजणी, मोबदला हे शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवर चालतात. तेच डोकं घेऊन किनाऱ्यावर गेलात की फसलात, कारण समुद्राला सातबारा नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची ‘बाधित कुटुंबा’ची व्याख्या वाचली की हायसं वाटतं, तिच्यात आधीची तीन वर्षं पाण्यावर पोट असलेले मच्छीमार आणि नावाडीही येतात. पण ती व्याख्या जमीन संपादित होत असेल तेव्हाची. पुलाचा खांब पाण्यात उभा राहिला आणि डोल जाळं (पाण्यात एका जागी बांधून ठेवायचं जाळं) लावायची जागा गेली, तर जमीन कुणाची घेतली? कुणाचीच नाही. अशा वेळी धनकोची, म्हणजे कर्ज देणाऱ्याची, अट उपयोगी पडते. जागतिक बँकेच्या २०१८ पासून लागू असलेल्या पर्यावरण-सामाजिक चौकटीतल्या दहा मानकांपैकी पाचवं मानक सागरी संसाधनांपर्यंतची वाट बंद होणं हेसुद्धा नुकसान धरतं आणि मालकीचा कागद नसलेल्यालाही मदतीतून वगळत नाही. ते मानक पाठ करा. बाकीची नऊ चाळली तरी चालतील, दहावं सोडून. ते लोकांशी बोलण्याबद्दलचं आहे.

एवढं समजलं की वाटतं, झालं काम. इथेच खरी गोम आहे. कोण बाधित हे मानक ठरवत नाही, यादी ठरवते. यादी बाधितांच्या पाहणीतून येते आणि पाहणीला तारीख असते; तिच्यानंतर आलेला यादीत धरत नाहीत. त्या तारखेला ‘कट-ऑफ’ म्हणतात. नंतर येऊन झोपडी ठोकणाऱ्यांना रोखायला ती लागतेच, त्यात वावगं काही नाही. पण सल्लागार कंपन्यांना पाहणी जून-जुलैत करायला फार आवडतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, मालक घरी, चहा मिळतो, फॉर्म पटापट भरतात. आणि खलाशी? डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी भातलावणीला आपापल्या पाड्यांवर, रत्नागिरीच्या बोटींवरचे नेपाळी खलाशी नेपाळला. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कुणी जुलैमध्ये पेठ-सुरगाण्याचे मजूर मोजायला गेलं आणि ‘मजूर आढळले नाहीत’ असं लिहून आलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. किनाऱ्यावर त्याच अहवालाला मंजुरी मिळते.

मी ज्या पाहणीत होते तिथे हेच घडत होतं. टॅबवरच्या फॉर्मात पहिला रकाना बोटीच्या नोंदणी क्रमांकाचा. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. खलाशाकडे क्रमांक कुठला? मग पोरं मालकाचा क्रमांक टाकायची आणि खलाशी मालकाच्या घरातला ‘इतर सदस्य’ होऊन बसायचा. बायकांचं त्याहून भारी. पहाटे लिलावातून मासळी उचलून बाजारात विकणारी, दुपारी वलांडीवर (मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवावर) बोंबील वाळत घालणारी बाई, आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’. खाडीच्या चिखलात कालवं आणि निवट्या गोळा करणाऱ्या कातकरी बायकांपर्यंत तर टॅब पोचलाच नाही, कारण त्या कोळीवाड्यात राहत नाहीत.

वरिष्ठांना विचारलं तर उत्तर मिळालं, “संस्थेकडून यादी घ्या.” संस्था म्हणजे मच्छीमार सहकारी संस्था. तिच्याबद्दल मला आदर आहे, पण डिझेलचा परतावा तिच्यामार्फत येतो, त्यामुळे तिची यादी बरीचशी बोटवाल्यांची असते. चेअरमनची सही म्हणजे गावाची संमती नव्हे, हे कुठल्याही भिंतीवर लिहून ठेवा. दुसरी फेरी ऑक्टोबरात मिळाली, तीसुद्धा बँकेच्या पथकातल्या एका बाईंनी तक्ते चाळताना “खलाशी कुठायत?” असं विचारलं म्हणून.

घाबरून जाऊ नका मात्र. यादी बंद झाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. पाहणी कुठल्या महिन्यात झाली आणि त्यामुळे कोण सुटलं असेल, हे अहवालात एका परिच्छेदात लिहा. कुणी काढायला सांगितलं तर ई-मेलवर सांगा म्हणावं. नव्यानं आलेल्या पोरीलाही एवढं करता येतं आणि नोकरी जात नाही. माझी गेली नाही.

नंतर निस्तरायला किती वेळ लागतो ते उरणला पाहा. जेएनपीटी बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी गेलेल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्या, असा आदेश हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं २०१५ मध्ये दिला. तो मिळवायला पारंपरिक मच्छीमारांना लवादापर्यंत जावं लागलं, आणि आदेशानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कच्छच्या मुंद्रा वीज प्रकल्पाचं तर, त्याला कर्ज देणाऱ्या आयएफसीविरुद्ध (जागतिक बँक गटातली खासगी उद्योगांना कर्ज देणारी संस्था), अमेरिकेपर्यंत गेलं. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आयएफसीसारख्या संस्थांना खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही असं म्हटलं. पुढे खालच्या कोर्टानं तो दावा फेटाळला. त्यामुळे गावात जाऊन “बँकेवर केस करता येते” अशा फुशारक्या मारू नका. तक्रार कुठे, कुणाच्या नावे, किती दिवसांत, एवढं मराठीत छापून मासळी बाजारात लावा. प्रकल्प कार्यालयाच्या जिन्याखाली टांगलेल्या इंग्रजी तक्रारपेटीत मी पानाच्या पुड्या पाहिल्या आहेत.

शॉर्टकटबद्दल: दुसऱ्या राज्याचा लोकसहभाग आराखडा उचलून नावं बदलणं सर्रास चालतं. सिंधुदुर्गच्या एका मसुद्यात ‘केरळ’ तसंच राहिलं होतं. करू नका, पकडले जाता म्हणून नव्हे, तर त्यात रापणीवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि पर्ससीनवाले (मोठ्या बोटीतून घेराचं जाळं टाकणारे) यांचं भांडणच नसतं. इथे एकाच सभेत दोघांना बसवलंत की पुढचे सहा महिने कुणी तुमच्याशी बोलणार नाही.

गुरू शोधताय? परिसंवादांत दिसणारे सगळे तज्ज्ञ टाकाऊ नसतात, बरेचसे असतात. मी सर्वात जास्त शिकले ते एका निवृत्त तलाठ्याकडून. गावठाण, गुरचरण आणि मेरीटाइम बोर्डाची हद्द कुठे भिडते हे त्यांना नकाशाशिवाय सांगता यायचं. मासळी सुकवायची जागा बहुतेकदा त्याच फटीत असते.

वाचायला एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेची २०१४ ची लघु मच्छीमारीविषयक मार्गदर्शक तत्त्वं घ्या, आणि २०१९ ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना. मुलाखतीत पाचवं मानक विचारतातच. उत्तर देऊन झालं की तुम्हीही एक विचारा: पाहणी कुठल्या महिन्यात ठरली आहे? “जून” म्हणाले तरी नोकरी घ्या, पण रुजू व्हायच्या दिवशीच दुसऱ्या फेरीचं पत्र टाका.