बल्गेरियाच्या जुन्या नकाशाचं साल कसं ओळखाल?

ॲटलासमधून सुटलेल्या नकाशावर छपाईचं साल नसतं. तेव्हा शहरांची नावं वाचा.

१. आधी काळ्या समुद्राचा किनारा पाहा. वार्नाच्या जागी 'स्तालिन' असेल तर नकाशा १९४९ ते १९५६ मधला. सगळ्यात पक्की खूण हीच.

२. वार्ना आहे, पण शुमेनऐवजी 'कोलारोवग्राद'? मग १९५६ ते १९६५. त्यातच सोफियाजवळचं पेर्निक 'दिमित्रोवो' असेल, तर १९६२ पर्यंतचा.

३. शुमेन आहे, पण दोब्रिचऐवजी 'तोल्बुखिन' असेल तर १९६५ ते १९९०.

दिमित्रोवोऐवजी चुकून दिमित्रोवग्राद धरू नका. ते मारित्सा नदीकाठी १९४७ साली वसवलेलं वेगळं शहर आहे आणि आजही त्याच नावाने नकाशावर आहे.