तालुक्याच्या महाविद्यालयातील संशोधन: नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांसाठी

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या रांगेलगतच्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अठरा वर्षे अर्थशास्त्र शिकवतो आहे. आमचे महाविद्यालय कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचे असले तरी लहान आहे. मंजूर पदांपैकी बरीचशी रिक्त असल्यामुळे अनेक विभाग एकेका कायम प्राध्यापकावर आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर चालतात. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेकडून होणाऱ्या पुनर्मूल्यांकनाची तयारी सुरू झाली तेव्हा मागील पाच वर्षांत महाविद्यालयातून झालेल्या सर्व संशोधनाची माहिती एकत्र करण्याचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवले. हे आठ दिवसांचे काम आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मला जे कळले ते रुजू होण्याच्या पहिल्याच वर्षी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, म्हणून हे लिहीत आहे.

माहितीचा तक्ता एकच असतो: लेखकाचे नाव, निबंधाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख) क्रमांक. शेवटी दर शिक्षकामागे किती शोधनिबंध निघाले हा आकडा काढायचा असतो. या तक्त्यात आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या नावावर अकरा निबंध होते आणि इतिहासाच्या प्राध्यापिकेच्या नावावर एक. तक्ता पाहणाऱ्याला एक विभाग कामसू आणि दुसरा आळशी वाटावा, अशीच ती मांडणी होती. मी दोघांचेही काम जवळून पाहिलेले असल्यामुळे तो आकडा मला स्वस्थ बसू देईना.

रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचे काम प्रामाणिक आहे आणि कष्टाचेही आहे. आमच्या प्रयोगशाळेत संयुग तयार करता येते, ते शुद्ध करता येते, पण त्याची रचना सिद्ध करणारी उपकरणे येथे नाहीत. नमुने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात, वर्णपट हाती येईपर्यंत थांबावे लागते, आणि या साखळीतील चार-पाच जणांची नावे निबंधावर येतात. हीच त्या विषयाची रीत आहे. एका निबंधातून दुसरा निघतो, कारण पद्धत तीच ठेवून पुढील संयुग घेता येते.

इतिहासाच्या बाईंची गोष्ट निराळी आहे. एका विद्यार्थ्याने आजोबांच्या पेटीतून लाल कापडात बांधलेला कागदांचा रुमाल त्यांना आणून दिला होता. मी तो पाहिला आहे. कागदाच्या घड्या इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की बाई त्या उलगडताना खाली वर्तमानपत्र अंथरत आणि पंखा बंद करत. काही कागदांवर वरच्या बाजूला निजाम सरकारचा उर्दू मुद्रांक आणि खाली मोडीतील मजकूर होता. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा त्या काळी उर्दू होती आणि गावपातळीवरील लिखाण पुष्कळदा मोडीत होत असे. त्यामुळे येथील महसुलाचा किंवा वतनाचा इतिहास लिहायचा तर दोन्ही लिप्या हव्यात. बाईंना मोडी येत होती. उर्दूसाठी त्या गावातील उर्दू शाळेच्या एका निवृत्त शिक्षकांकडे दीड वर्ष जात राहिल्या. या सगळ्यातून तीन वर्षांनी एक निबंध निघाला, आणि तक्त्यात त्याची एक ओळ झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत या फरकाची थोडी दखल आहे: विज्ञान शाखेच्या निबंधाला 8 गुण आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य यांच्या निबंधाला 10 गुण धरले आहेत, आणि दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के गुण मिळतात. पण तीन वर्षे आणि तीन महिने यांतील अंतर 2 गुणांनी भरून निघत नाही. म्हणून नव्याने येणाऱ्या सहकाऱ्याला माझे पहिले सांगणे असे आहे की शेजारच्या विभागाची यादी पाहून घाबरू नये आणि धावूही नये. आपल्या विषयात एक चांगला निबंध तयार व्हायला किती काळ लागतो हे आपल्याच विषयातील जाणत्या माणसाला विचारावे.

मराठी विभागाची अडचण याहून वेगळी निघाली. त्या विभागाचे काम मराठीत आहे, आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या संशोधन नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये मराठी नियतकालिके जवळजवळ सापडतच नाहीत. त्या सूचींवरून मोजले असते तर आमच्या मराठी विभागाचे संशोधन शून्य ठरले असते. प्रत्यक्षात तेथील सहकारी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पेरणीच्या अवजारांचे शब्द गोळा करत होते. तिफण, चाडे, फण, रुमणे, शिवळ हे शब्द ट्रॅक्टरवरच्या पेरणीयंत्राबरोबर बोलण्यातून निघून चालले आहेत, आणि एकाच तालुक्यात गोदाकाठचा व डोंगरपट्ट्यातला उच्चारही निराळा आहे. असे काम येथेच होऊ शकते. मोठ्या शहरातील विद्यापीठाकडे साधने कितीही असली तरी दर सोमवारी शेतातून वर्गात येणारी मुले त्याच्याकडे नाहीत.

भूगोलाच्या सहकाऱ्यांनीही हेच हेरले होते. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे पावसाळ्यात तुडुंब दिसणारी विहीर मार्च-एप्रिलमध्ये तळ दाखवते. शासकीय यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. आमच्या सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांतील बारा विहिरी निवडल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन बांधलेला मोजपट्टीचा फीता सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायला सुरुवात केली. शेतकरी विहिरीची खोली परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात, म्हणून वहीत मीटरच्या रकान्याशेजारी परसाचाही रकाना आहे. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यातही ही नोंद चुकली नाही. काही रकान्यांत तेव्हा फक्त ‘कोरडी’ एवढाच शब्द आहे. पहिली चार वर्षे या वहीतून एकही निबंध निघाला नाही. पाचव्या वर्षी निघाला, आणि परीक्षकांनी त्यातील सलग मासिक नोंदींचाच विशेष उल्लेख केला.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगणे आवश्यक आहे, कारण सामाजिक शास्त्रांतील नवे सहकारी ती आजही करतात. परभणी जिल्ह्यातील पीकरचनेवर मी वीस वर्षांची आकडेवारी घेऊन निबंध लिहिला. एका टप्प्यावर जवळपास सर्वच पिकांचे क्षेत्र एकदम खाली आलेले दिसत होते, आणि मी त्याची कारणे पाऊस, बाजारभाव आणि मजुरी यांत शोधत बसलो. निबंध पाठवण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला: हिंगोली वेगळी कधी झाली? परभणीतून हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी निघाला. पीक घटले नव्हते, जिल्हाच लहान झाला होता. तसेच जालना 1981 मध्ये आणि लातूर 1982 मध्ये स्वतंत्र झाले. मराठवाड्याची जुनी आकडेवारी पाच जिल्ह्यांची आहे आणि आजची आठ जिल्ह्यांची, म्हणून तुलना करायची असेल तर तालुक्यांपर्यंत उतरून जुना जिल्हा पुन्हा जुळवावा लागतो. तालुक्यांच्या सीमाही बदललेल्या असतात, तेव्हा तेही तपासावे.

नावांचा गोंधळ तक्ता करतानाही सर्वांत जास्त छळतो. आमच्या महाविद्यालयाचे नाव इंग्रजी निबंधांत पाच प्रकारे लिहिलेले आढळले. विद्यापीठाचे नाव 14 जानेवारी 1994 पूर्वी मराठवाडा विद्यापीठ होते आणि नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले; त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यामुळे काही जिल्ह्यांतील महाविद्यालयांची संलग्नताच बदलली; 2023 मध्ये औरंगाबाद शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. लग्नानंतर आडनाव बदललेल्या दोन सहकारी बाईंचे आधीचे निबंध त्यांच्या नावावर शोधूनही सापडेनात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची कायमची ओळख पटवणारा, सोळा अंकी क्रमांक विनामूल्य काढून घ्यावा आणि महाविद्यालयाचे नाव कोणत्या स्पेलिंगने लिहायचे हे कार्यालयाला विचारून कायमचे ठरवून टाकावे. माझ्या चार महिन्यांतील दोन या एका दुर्लक्षामुळे गेले.

नियतकालिकांविषयी थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर सूची 2019 पासून होती, ती 2025 मध्ये बंद झाली. आता पारख आपणच करायची आहे. चार दिवसांत स्वीकृती कळवणारे, विषय कोणताही चालतो म्हणणारे आणि आधी पैसे मागणारे नियतकालिक सोडून द्यावे. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका ठिकाणी निबंध दिला होता. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, वेळी तो धरला गेला नाही, आणि एकदा छापलेला असल्यामुळे दुसरीकडे देताही आला नाही. दोन वर्षांच्या क्षेत्रपाहणीचा मजकूर त्यात अडकला, याचे दुःख मला अजून आहे. जुने अंक उघडून आपल्या विषयाचे दोन-तीन निबंध पूर्ण वाचावेत. त्यांचा दर्जा पाहिला की बहुतेक निर्णय आपोआप होतो. एकदिवसीय चर्चासत्राच्या पुस्तकात पहिला निबंध यायला हरकत नाही, परंतु तेथेच थांबू नये.

आता आमच्या विभागांत मी एक साधी वही सुरू केली आहे. निबंध स्वीकारल्याचे पत्र आले की त्याच दिवशी नोंद होते, छापील प्रत ग्रंथालयात जाते आणि अजून निबंध न झालेल्या कामासाठीही वेगळा रकाना आहे: कोणती पाहणी चालू आहे, कोणते कागद वाचून व्हायचे आहेत, कोणते नमुने विद्यापीठात गेले आहेत. इतिहासाच्या बाईंनी या रकान्यात गेल्या महिन्यात दुसऱ्या रुमालाची नोंद केली आहे.