महाबळेश्वरात भारी हॉटेलात जेवताना

साताऱ्याहून केळघर घाटाने वर जाऊन एखाद्या बड्या हॉटेलात जेवायचा बेत असेल तर टेबल आधी फोनवरून सांगून ठेवा. मुंबई पॉइंटवर सूर्य बुडाला की सगळं पब्लिक एकदमच जेवायला वळतं. काचेजवळचं टेबल हवं असेल तर दुपारीच जा. रात्री काचेत आपलंच तोंड दिसतं!

खरी गंमत बिलात. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथे जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. म्हणजे २,००० च्या जेवणावर ३६० की १००, एवढा फरक. आमच्या बिलात एकदा जीएसटीच्या वर बारीक अक्षरात सर्व्हिस चार्जही होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही. “हा काढून द्या,” एवढंच म्हटलं, मॅनेजरने नवीन बिल आणलं. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या पोराच्या हातात मात्र टीप जरूर ठेवा.

आणि पावसाळ्यात ‘ताज्या स्ट्रॉबेरीचं’ डेझर्ट मागवू नका; सीझन हिवाळ्यातला.